झुबिन मेहतांसारखं कंडक्टर व्हायचंय, बारावी सोडू का?

नाशिकच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा सतरा वर्षांचा, अकरावी सायन्सला, पियानोची ट्रिनिटीची (लंडनच्या परीक्षांची) आठवी ग्रेड झालीय, रात्र रात्र झुबिन मेहतांचे, म्हणजे मुंबईत जन्मलेल्या त्या जगप्रसिद्ध कंडक्टरचे, व्हिडिओ बघतो आणि आता म्हणतो मला ऑर्केस्ट्रासमोर काडी घेऊन उभा राहणारा कंडक्टर व्हायचंय, बारावी सोडून युरोपला जातो. वडिलांनी विचारलंय की हा कोर्स किती वर्षांचा, पुढे नोकरी लागते का, आणि शेवटी जरा दबकत, की नुसती काडी हलवायला एवढं काय शिकायचं असतं.

मी मूळची गिरगावची. गेली बावीस वर्षं जर्मनीत ऑपेरा, म्हणजे गाऊन केलेलं नाटक, करणाऱ्या थिएटरमध्ये कोरेपेटिटर म्हणून काम करते. म्हणजे ऑर्केस्ट्रा यायच्या आधी काही आठवडे गायकांना पियानोवर पूर्ण ऑपेरा बसवून देणारी बाई. आपल्या संगीत नाटकात ऑर्गनवाला आणि तालीममास्तर एकाच माणसात घातले तर जे होईल ते. कंडक्टरच्या उजव्या हाताला बसून मी बरेच कंडक्टर बघितलेत, चांगले, वाईट आणि नुसतेच देखणे. मलाही कधीकाळी तेच व्हायचं होतं, झाले नाही, ते पुढे सांगते.

वडिलांनी बारावीबद्दल विचारलंय, पण मला खरा प्रश्न वेगळाच वाटतो. पियानो शिकायचा तर घरात पियानो असतो, रोज चार तास बसता येतं. कंडक्टरचं वाद्य म्हणजे साठ-सत्तर माणसं, ती घरात ठेवता येत नाहीत. मग ज्याच्याजवळ वाद्यच नाही त्यानं रियाज कुठे करायचा? याचं उत्तर मुलाला सापडलं तर बारावी सोडली काय नि केली काय, फार फरक पडत नाही.

आधी काडीचं सांगते, कारण हा प्रश्न मला माझ्या मावश्यासुद्धा विचारतात. मिरवणुकीत मोठं ढोल-ताशा पथक बघितलं असेल. पुढच्या ताशाचा ठोका पन्नास मीटर मागच्या ढोलवाल्याला उशिरा ऐकू जातो, तो कानानं वाजवायला गेला की मागची रांग घसरते, म्हणून डोळ्यांनी बघायला कुणीतरी लागतो. ऑपेरात हेच, फक्त जास्त नाजूक. ऑर्केस्ट्रा खाली खड्ड्यात, गायिका वीस मीटर मागे स्टेजच्या टोकाला, आवाज यायला साधारण सहा शतांश सेकंद. ऐकायला काहीच नाही वाटत, पण तेवढ्यानं सगळं चिखलासारखं होतं. कोरस, म्हणजे समूहगायक, तर कधीकधी विंगेच्याही मागे असतो. तिथे बहुतेक वेळा मीच उभी असते, समोर छोट्या स्क्रीनवर कंडक्टरचा हात दिसतो आणि मी त्याच्या किंचित पुढे हात देते, म्हणजे प्रेक्षकांच्या कानात दोन्ही एकदम पडतं. इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या 'तोस्का' या ऑपेराचा पहिला अंक संपतो तिथे खाली ऑर्केस्ट्रा, वर गायक, मागे ऑर्गन, घंटांचे तेच दोन स्वर पुन्हा पुन्हा, मध्ये तोफेचे आवाज आणि या सगळ्यावर पूर्ण कोरस, आणि हे सगळं बांधून ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे ती काडी.

आणि ती कशी चालते हे कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही. जर्मन ऑर्केस्ट्रा ठोक्याबरोबर वाजत नाही, ठोक्यानंतर वाजतो. हात खाली आला, काहीच नाही, आणि मग जाड असा एकत्र आवाज येतो. मला एका छोट्या गावच्या थिएटरनं एकदा वीस मिनिटं ऑर्केस्ट्रा दिला होता, पुच्चिनीच्याच 'ला बोएम'चा तिसरा अंक. सुरुवातीला दोन जोरदार ठोके, आणि मग बासरी आणि हार्पवर हलके हलके उतरणारे स्वर, पहाटेचं बर्फ पडतंय असे. मला तो अंक तोंडपाठ होता, पियानोवर शंभरदा वाजवलेला. मी हात दिला, आवाज आला नाही, मी थांबले, आवाज आला, मी पुढचा ठोका त्याला धरून दिला, ते अजून मागे गेले, मी अजून थांबले, दहा-बारा मापांत, म्हणजे तालाच्या छोट्या आवर्तनांत, बर्फ पडायचंच थांबलं. पहिल्या व्हायोलिनवाल्यानं निमूटपणे व्हायोलिनचा गज जरा जास्त हलवायला सुरुवात केली आणि सगळे माझ्याऐवजी त्याच्याकडे बघायला लागले. त्यांनी मला हसून दाखवलं नाही, हे जास्त लागलं. जेवायच्या सुट्टीत एक म्हातारा बासूनवाला म्हणाला, आम्हाला ऐकत बसू नकोस, चालत राहा. आता हे वाक्य घरी बसून कळण्यासारखं नाही. कान उघडे ठेवायचे आणि तरी कानाच्या मागे जायचं नाही, हे समोर माणसं असल्याशिवाय अंगात येत नाही. मला दुसरी संधी मिळायला चार वर्षं लागली, तोवर मी पियानोच्या कामात रमले होते.

आता झुबिन मेहता. लोकांना फक्त तो डौल दिसतो. मला त्यांच्या करिअरमध्ये सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं घर. जन्म १९३६, मुंबई. त्याच्या आदल्याच वर्षी वडिलांनी, मेहली मेहतांनी, बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. मेहली व्हायोलिन वाजवायचे, त्यांचं चौघा वादकांचं क्वार्टेटही होतं. म्हणजे या मुलानं चालायला लागल्यापासून तालीम ऐकली. कार्यक्रम वेगळा आणि तालीम वेगळी हो, कार्यक्रमात फक्त गुळगुळीत झालेलं ऐकू येतं, तालमीत कुठे अडलं आणि कसं सुटलं ते कळतं. त्या ऑर्केस्ट्रात पारशी होते, गोव्याचे होते, युरोपातून पळून आलेले ज्यू होते, नेव्हीच्या बँडमधले लोक होते. यातलेच बरेच गोवेकर दिवसा फिल्म स्टुडिओत वाजवायचे. माझे माहीमचे पहिले सर त्याच पिढीतले, गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे सुरांची नावं घेऊन गायला, शिकलेले, सकाळी रेकॉर्डिंग आणि संध्याकाळी आम्हा पोरांना स्केल्स. हिंदी गाण्यांतली व्हायोलिनं ज्यांना आवडतात त्यांनी या लोकांचे उपकार मानले पाहिजेत, असो, तो वेगळाच विषय होईल.

झुबिन मेहता सेंट झेवियर्सला प्री-मेडिकल करत होते, ते सोडून १९५४ साली अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेले. इथे तुमचे चिरंजीव म्हणतील, बघा, त्यांनी पण सोडलं! बरोबर, पण ते सोडून गेले तेव्हा त्यांच्या डोक्यात वडिलांच्या ऑर्केस्ट्राची सगळी तालीम बसलेली होती. व्हिएन्नाला गेल्यावर हान्स स्वारोव्स्कींच्या वर्गात कंडक्टिंग आणि बरोबर डबल बास. डबल बास कशाला? कारण तो हातात असला की ऑर्केस्ट्रात आत बसता येतं, समोरचा माणूस काय करतो ते वाजवणाऱ्याच्या बाजूनं दिसतं. आणखी एक गंमत, ते आणि त्यांचा वर्गमित्र क्लाउदिओ अब्बादो, दोघंही जाऊन कोरसमध्ये गायला लागले, कारण मोठ्या कंडक्टरांच्या तालमींना बाहेरच्यांना आत सोडत नसत आणि कोरसवाल्यांना कोण अडवणार. पुढे दोघंही जगातले पहिल्या रांगेतले कंडक्टर झाले. माझ्या मते त्या वर्गाइतकंच शिक्षण त्या कोरसच्या बाकावर झालं असेल.

१९५८ ला लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली, बक्षीस म्हणून तिथल्या ऑर्केस्ट्रात एक वर्ष असिस्टंटची जागा. ते वर्ष संपलं आणि पुढे लगेच काही मोठं हाती आलं नाही. स्पर्धा जिंकली की रस्ता उघडतो असं मुलांना वाटतं, तो उघडतो पण थोडासाच, आणि लगेच बंदही होतो.

खरी कलाटणी नंतर आली आणि ती तिन्ही वेळा दुसऱ्या बड्या कंडक्टरच्या जागेवर उभं राहून आली. मॉन्ट्रियलला इगोर मार्केविच येऊ शकले नाहीत, मेहतांना बोलावलं. लॉस एंजेलिसला फ्रिट्झ राइनर आजारी, मेहतांना बोलावलं. इस्रायल फिलहार्मोनिकला यूजीन ऑर्मंडी येणार नव्हते, पुन्हा मेहता. हे सगळं १९६० नि ६१ या दोन वर्षांत. आणि तिन्ही ठिकाणी ते पुढे प्रमुख झाले. मॉन्ट्रियल १९६१ ते ६७, लॉस एंजेलिस १९६२ ते ७८, इस्रायलला १९६९ पासून सल्लागार, ७७ पासून म्युझिक डायरेक्टर, ८१ ला तहहयात, आणि सोडलं ते २०१९ ला. बदली खेळाडू म्हणून मैदानात आला आणि कॅप्टन होऊन राहिला, क्रिकेटवेड्या माणसाला शोभेल असंच.

लॉस एंजेलिसच्या गोष्टीत राजकारणही आहे. तिथे प्रमुख म्हणून गेओर्ग शोल्टी येणार होते, बोर्डानं त्यांना न विचारता या चोविशी-पंचविशीतल्या पोराला त्यांच्या हाताखाली नेमलं, शोल्टींनी चिडून राजीनामा दिला, आणि जागा मेहतांना मिळाली. नशीब म्हणा. पण अशा बदलीच्या निरोपात नशिबाचा भाग फोन येण्यापुरता असतो. फोन साधारण दोन-तीन दिवस आधी येतो, कधी त्याच दिवशी सकाळी. कार्यक्रम आधीच छापलेला असतो. तेव्हा तो स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची लिखित प्रत, डोक्यात तयार आहे का नाही एवढंच विचारलं जातं. आमच्याकडे मी दोनदा बघितलंय, फोनवर समोरचा 'मला आठवडा द्या' म्हणाला आणि आमच्या ऑफिसनं थँक यू म्हणून पुढचा नंबर लावला.

दुसरी गोष्ट, ते टिकले. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकला १९७८ ते ९१, तेरा वर्षं, त्यांच्या आधी कुणीच तिथे सलग इतकं राहिलं नव्हतं. तिथल्या समीक्षकांनी त्यांना काही कमी झोडपलं नाही. मलाही खरं सांगायचं तर त्यांचं सगळंच आवडतं असं नाही, मोझार्ट मला त्यांचा जरा जाड वाटतो, पण रिचर्ड स्ट्राउस आणि ब्रुकनर लागले की मी गप्प बसते. रविशंकरांचा दुसरा सतार कंचेर्टो, म्हणजे सतार आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, 'रागमाला', १९८१ ला न्यूयॉर्कला त्यांनीच केला. आपल्याकडे फ्यूजन म्हणून जे खपवतात त्याच्यापुढे हे ऐकून बघा, सतारीला श्वास घ्यायला जागा कशी ठेवलीय ते.

ऑपेराकडे ते तुलनेनं उलट्या दारानं आले. जर्मनीतला नेहमीचा रस्ता म्हणजे आधी माझ्यासारखा कोरेपेटिटर, मग हळूहळू एखाद्या जुन्या प्रॉडक्शनचा एखादा प्रयोग हातात मिळतो, मग कापेलमाइस्टर, म्हणजे थिएटरचा पगारी कंडक्टर, आणि मग नशीब असेल तर गेनेरालम्युझिकडिरेक्टर, म्हणजे तिथल्या सगळ्या संगीताचा प्रमुख. शोल्टी असेच वर आले, बुडापेस्टला पियानोवर गायकांची तयारी घेत. तसेच बडे कंडक्टर कारायान आणि टिलेमान: कारायान १९२९ ला उल्मसारख्या छोट्या थिएटरात लागले, टिलेमान एकोणिसाव्या वर्षी बर्लिनला कोरेपेटिटर होते. मेहता आधी कॉन्सर्टवाले, १९६३ ला मॉन्ट्रियलला 'तोस्का' केला, ६५ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनला 'आयडा', मग पुढे १९८५ पासून फ्लोरेन्स आणि १९९८ ते २००६ म्युनिकच्या ऑपेराचे प्रमुख. हा रस्ता आज बहुतेकांना बंद आहे, सरळ ऑर्केस्ट्रापासून सुरू करून ऑपेरा हातात येणं फार अवघड.

मगाशी आवाजाच्या उशिराचं सांगितलं ना, त्याचं टोकाचं उदाहरणही त्यांचंच. १९९२ ला रोममध्ये 'तोस्का' टीव्हीवर लाइव्ह दाखवला, गायक खऱ्याखुऱ्या जागी, पहिला अंक कथेतल्या चर्चमध्ये, दुसरा पलाझ्झो फार्नेझे या राजवाड्यात, तिसरा पहाटे किल्ल्यावर, ज्या वेळी कथेत घडतं त्याच वेळी. आणि मेहता ऑर्केस्ट्रा घेऊन शहरात भलतीकडेच, स्टुडिओत. गायकांना ते फक्त लपवलेल्या मॉनिटरवर दिसत होते. दोन वर्षं आधी, फुटबॉल वर्ल्ड कपच्या फायनलच्या आदल्या रात्री, रोममधल्याच कॅराकालाच्या भग्न स्नानगृहात तीन टेनरांचा, म्हणजे उंच पुरुषी आवाजाच्या गायकांचा, कार्यक्रम त्यांनीच केला, दोन वेगवेगळे ऑर्केस्ट्रा एकत्र बसवून. लोक तो कार्यक्रम त्या तिघांतल्या पावारोत्तींसाठी बघतात. मी बघते तेव्हा माझं लक्ष मेहतांच्या डाव्या हाताकडे असतं, टेनर वरचा सूर धरून उभा राहिलाय, मनात येईल तेव्हा सोडणार, आणि हा हात नुसता उघडा ठेवलेला, शंभरावर माणसं त्या हातात थांबलेली. गायकाचा श्वास बघून तो हात मिटतो. तुमच्या मुलाला म्हणावं तो भाग आवाज बंद करून दहादा बघ.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पैसा, सगळ्यात आधी. जर्मनीत सरकारी संगीत विद्यापीठांत फी बहुतेक ठिकाणी नावालाच, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात, आणि शिक्षण चार वर्षं अधिक दोन, त्यानंतरही पहिली तीन-चार वर्षं तुटपुंजीच. दुसरं, जागा. कंडक्टिंगला एका विद्यापीठात वर्षाला दोन-चार मुलं घेतात, परीक्षेला जगभरातून येतात. परीक्षेत पियानो तर असतोच, शिवाय समोर स्कोअर टाकून म्हणतात वाजव. त्यात वीस ओळी एकाखाली एक, क्लॅरिनेटच्या ओळीत सी लिहिलेला असतो आणि ऐकू येतो बी फ्लॅट, हॉर्नच्या ओळीत सी असतो आणि ऐकू येतो खालचा एफ, व्हायोलाची (व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीची) क्लेफ, म्हणजे कुठल्या रेषेवर कुठला सूर ते सांगणारी खूण, वेगळीच, आणि हे सगळं बघता बघता दहा बोटांत आणायचं. ट्रिनिटीची आठवी ग्रेड चांगलीच आहे, पण त्यात हे येत नाही. तिसरं, भाषा. ऑर्केस्ट्राशी बोलायला जर्मन, ऑपेरासाठी इटालियन, ही तर किमान.

नोकरी लागते का? जर्मनीत ऐंशीच्या आसपास ऑपेरा थिएटरं आहेत आणि सव्वाशेच्या वर पगारी ऑर्केस्ट्रा, त्यामुळे जगात कुठे लागायची शक्यता असेल तर इथे. पण कंडक्टर म्हणून नाही, आधी पियानोवाला म्हणून. म्हणजे मुलाचा पियानो पक्का असेल तर त्याच्या पोटाची सोय आहे, आणि तिथून वर जायची एक शिडीही आहे. मी त्याच शिडीच्या पहिल्या पायरीवर राहिले, आणि वाईट नाही चाललं. भारतात म्हणाल तर पूर्णवेळ पगारी ऑर्केस्ट्रा एकच म्हणावा असा, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ पासूनचा. मेहता स्वतः २०२३ ला त्यांच्यासमोर पहिल्यांदा उभे राहिले, ८७ व्या वर्षी. आमच्या चर्नी रोडचं ऑपेरा हाऊस माझ्या कॉलेजच्या दिवसांत बंदच पडलेलं, १९९३ ला बंद झालं ते २०१६ ला उघडलं, त्याच्या समोरून बस धरून मी पियानोच्या क्लासला जायचे.

मग करायचं काय? माझं मत, बारावी करावी, आणि त्याचं कारण सुरक्षितता वगैरे नाही. प्रवेशपरीक्षेची तयारी दीड वर्षाच्या आत होणारच नाही असं धरून चाललं तर तो काळ तसाही नाशिकमध्येच जाणार आहे, आणि बारावीशिवाय इथे पदवीला अर्ज करताना कागदपत्रांचा त्रास वाढतो. विषय कोणते ते कुणी विचारत नाही, सायन्स झेपत नसेल तर आर्ट्स घ्या, त्याचा जीव मोकळा होईल.

पण त्या दीड वर्षात त्यानं ऑर्केस्ट्रात बसायचं एखादं वाद्य धरावं. व्हायोला किंवा डबल बास, कारण त्यांची सगळीकडे टंचाई असते, थोडं बरं वाजवणाऱ्यालाही आत घेतात. आठवड्यातून एकदा मुंबईला यावं लागेल, चार तास जायला चार यायला, मला कल्पना आहे. एनसीपीएचा सीझन असेल तेव्हा नम्रपणे मेल करून तालमीला मागे बसू द्याल का विचारावं. नाही म्हणतील, परत विचारावं. कुठे कोरस असेल तर गावं, चर्चचा असला तरी चालेल, आवाज बरा नसला तरी चालेल, माझाही नाही. आणि गावातलीच सहा-सात पोरं जमवावीत, दोन व्हायोलिन, एक बासरी, एक कीबोर्ड, जे मिळेल ते, आणि त्यांना एक छोटा तुकडा बसवून द्यावा. त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर पहिल्या दहा मिनिटांत त्याला कळेल की आपल्याला संगीत आवडतं म्हणून हे करायचंय, का समोर माणसं बघताहेत म्हणून. दोन्ही चालतं, फक्त आधी माहीत असलेलं बरं. एखादा पोरगा रुसेल, एखादा उशिरा येईल, एकाच्या आईचा फोन येईल की आज क्लास आहे. तेही याच कामात मोडतं, माझ्या थिएटरात फक्त पगारी लोक रुसतात एवढाच फरक.

स्कोअर विकत घ्यायची गरज नाही, जुन्या संगीतकारांचे सगळे नेटवर फुकट आहेत. बेथोव्हेनची पहिली सिंफनी घ्यावी, पाचवी नको. रोज दोन पानं, आधी फक्त व्हायोलाची ओळ गायची, मग फक्त दुसऱ्या हॉर्नची, रेकॉर्डिंग न लावता. आरशासमोर हात हलवणं वर्षभर पूर्ण बंद. त्याला हे सगळ्यात जास्त जड जाईल, मला गेलं होतं.

आणि जर्मनचा क्लास याच महिन्यात लावा, बाकी काही जमो न जमो. दिवाळीनंतर त्याला मला एक पान जर्मनमध्ये लिहायला सांगा, चुकलेलं चालेल, आणि सोबत त्या सहा-सात पोरांच्या तालमीचा व्हिडिओ. कार्यक्रमाचा नको, तालमीचाच, मधली भांडणं न कापता.